हात जुन्याच गेममध्ये असतो

नांदगावच्या तिठ्यावर माझं मोबाइल आणि कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. मुंबई-गोवा हायवेवरून देवगडकडे रस्ता फुटतो तो हा तिठा. दुकानाच्या मागच्या खोलीत एक टीव्ही आणि प्लेस्टेशन ठेवलंय. धंद्यासाठी नाही, माझ्या हौसेसाठी. पण हौस लपून राहत नाही, त्यामुळे कणकवलीच्या कॉलेजातून परतणारी दोन-चार पोरं संध्याकाळी तिथे असतातच. त्यांच्यातला कोणी ना कोणी अधूनमधून विचारतो, "काकानू, माका टेकन बरां येता. आता स्ट्रीट फायटर घेतलंय तर जमात मां?"

जमेल, असं मी सांगतो. पण सुरुवातीला, ज्याने फायटिंग गेमला कधी हात लावला नाही त्याच्याहून तुझे हाल जास्त होतील, हेही सांगतो. पोरांना हे पटत नाही. समोरासमोर दोन माणसं, वर दोघांची लाइफ, मध्ये घड्याळ, राउंड जिंकायचे. सगळं तेच तर आहे! तेच आहे म्हणून तर घोळ होतो. नवखा माणूस पडद्यावर बघतो आणि मग बटण दाबतो. मुरलेल्याचं बटण आधी दाबलं जातं, बघणं मागाहून होतं. गेम बदलला तरी हाताला ते कोणी कळवलेलं नसतं.

माझा हात घडला तो परळला. नव्वदच्या दशकात गिरणगावात गल्लोगल्ली व्हिडिओ गेम पार्लर होती. काळोखी खोली, भिंतीला लागून चार-पाच मशीन, गल्ल्यावर बसलेल्या माणसाकडून कॉइन घ्यायचं आणि आपला नंबर येईपर्यंत दुसऱ्याच्या खांद्यावरून बघत राहायचं. गर्दी दोन मशीनवर. एक 'मुस्तफा'. त्या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स', कॅपकॉम कंपनीने १९९३ साली काढलेला, आणि मुस्तफा हे त्यातल्या एका पात्राचं नाव. पण खरं नाव पार्लरमध्ये कोणाला ठाऊक होतं? तो चालत जाऊन गुंडांना बडवायचा गेम, त्यात मित्र बरोबर असतो. मित्राशीच भांडायचं तर शेजारच्या मशीनवर, एसएनकेच्या 'द किंग ऑफ फायटर्स ९७' वर.

या गेममध्ये तिघांचा संघ घ्यायचा आणि चार बटणं: हलका ठोसा, हलकी लाथ, जड ठोसा, जड लाथ. पण त्याची जान बटणांत नव्हती, चालण्यात होती. दांडी पुढे दोनदा मारून धरली की माणूस धावत सुटतो आणि सोडली की तिथल्या तिथे थांबतो. दांडी वर नुसती टिचकावली की छोटी, सपाट उडी बसते, इतकी झटपट की समोरच्याला ओळखेपर्यंत लाथ डोक्यावर आलेली असते. हलका ठोसा आणि हलकी लाथ एकदम दाबली की माणूस लोळण घेऊन माराखालून निसटतो. धावणं, टिचकी-उडी आणि लोळण, एवढ्यावर मी परळात नाव काढलं होतं. ही तीन नावं लक्षात ठेवा, पुढे तीच माझ्या मुळावर आली.

पहिला दणका टेकनने दिला. गणपतीत ठाण्याहून भाऊ येतो, त्याच्याबरोबर पुतण्या. एका वर्षी त्याने प्लेस्टेशन आणि टेकन ७ आणला. रात्रीची आरती, जेवणं उरकली आणि आम्ही बसलो. पुतण्याने पॉल फिनिक्स घेतला, तो ताठ उभ्या केसांचा. पॉल चालत पुढे यायचा आणि एक सरळ ठोसा मारायचा, पुन्हा चालत यायचा आणि तोच ठोसा मारायचा. मी खाली बसून ब्लॉक धरत होतो आणि प्रत्येक ठोसा लागत होता. चौथ्या की पाचव्या वेळी पुतण्याने खेळ थांबवला. "काका, तू खाली बसूनच का राहतोस?"

मी बसून राहतो हे मला माहीतच नव्हतं. स्ट्रीट फायटर असो की किंग ऑफ फायटर्स, या सपाट गेममध्ये दांडी मागे-खाली कोपऱ्यात धरून ठेवणं ही सगळ्यात सुरक्षित जागा असते. तिथे बसल्या बसल्या पायातली लाथ अडते, उभ्याने मारलेला ठोसाही अडतो. उठून अडवावं लागतं ते फक्त उडी मारून आलेल्याला आणि मोजक्या वरून पडणाऱ्या फटक्यांना. लहानपणापासून काही सुचेनासं झालं की माझा हात त्या कोपऱ्यात जाऊन बसतो.

टेकनचा कायदा उलटा. तिथे मार तीन उंचीवर येतो. वरचा मार बसलेल्याच्या डोक्यावरून निघून जातो. खालचा बसूनच अडवावा लागतो. आणि मधला मार बसलेल्याला लागतोच, त्याला उभ्याने अडवायचं. आता खरी गोम अशी की जास्तीत जास्त दुखणारे, माणसाला हवेत उडवून पुढचा अख्खा कॉम्बो बसवणारे फटके बहुतेक मधले असतात, तर मोठे खालचे फटके बरेचदा संथ असतात, दिसल्यावर बसता येतं. म्हणून टेकनमध्ये घर म्हणजे उभं राहणं. बसायचं ते खालचा मार दिसला तर, किंवा येणार अशी खात्री असेल तर. पॉलचा तो ठोसा मधला. मी बसून त्याला आमंत्रणच देत होतो.

पकडीचंही तसंच. स्ट्रीट फायटरमध्ये बसलेल्या माणसालाही साधी पकड घालून आपटता येतं. टेकनमध्ये साधी पकड वरच्या उंचीची, बसलं की हुकते. आणि माझी लाडकी टिचकी-उडी? टेकनमध्ये दांडी वर टिचकावली की माणूस उडतच नाही, पडद्याच्या आतल्या बाजूला एक पाऊल सरकतो. उडायचं तर दांडी वर धरून ठेवावी लागते. मी दर वेळी उडायला जायचो आणि बाजूला सरकून उभा राहायचो. पुतण्याला वाटलं काका काहीतरी डावपेच करतोय.

बसायची ही खोड नुसते नियम वाचून, पाठ करून सुटत नाही. मी वर लिहिलेला सगळा नियम पुतण्याने मला त्याच रात्री पाच मिनिटांत समजावला होता, आणि समजल्यानंतरही मी बसतच होतो. सुटली ती सरावाच्या मोडमध्ये. समोरच्या बाहुल्याला दोनच फटके शिकवून ठेवायचे, एक मधला आणि एक खालचा, ते त्याने मनाला येईल त्या क्रमाने मारायचे, आणि आपण एकही बटण न दाबता फक्त अडवायचं. रेकॉर्डिंगची ही सोय टेकन ७, टेकन ८, स्ट्रीट फायटर ६ सगळ्यांत आहे आणि बहुतेक पोरं तिला कॉम्बो पाठ करण्यापुरतीच वापरतात. कंटाळवाणं काम आहे, खोटं कशाला सांगू. पण कॉम्बो बोटांनी शिकता येतो, बसायची खोड मात्र अशीच मोडावी लागते.

खेळाचे नियम बदलले की अंगातल्या जुन्या खोडी मोडाव्या लागतात, ही गोष्ट आपल्याकडे कुस्तीवाल्यांना फार आधीपासून माहीत आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव मातीत तयार झालेले मल्ल. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते मॅटवरच्या, आंतरराष्ट्रीय नियमांच्या कुस्तीत उतरले आणि सहावे आले. मातीत पाय रुततो, मॅटवर तो तसा रुतत नाही. मातीत चितपट केलं की विषय संपला, मॅटवर गुणांचा हिशेब चालतो. चार वर्षांनी हेलसिंकीत त्याच खाशाबांनी कांस्यपदक जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कुस्ती त्यांना १९४८ मध्येही येत होतीच. महाराष्ट्र केसरीत आजही माती आणि गादी असे दोन निराळे विभाग ठेवतात ते उगीच नाही. आणि आमची पोरं एक डिस्क काढून दुसरी घातली की अर्ध्या तासात रँकच्या लढतीत उतरतात.

टेकनची खोड मोडली, बरं चाललं होतं. मग स्ट्रीट फायटर ६ आला, जून २०२३ मध्ये. सुरुवातीला मी लक्ष दिलं नाही. पण सप्टेंबर २०२४ मध्ये त्यात टेरी बोगार्ड आला. लाल टोपीवाला टेरी, ९७ मधला आमचा टेरी! पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये माई शिरानुईही आली. परळच्या पार्लरमध्ये वाढलेल्या माणसाला पैसे खर्च करायला यापेक्षा जास्त कारण लागत नाही.

दांडी खालून पुढे फिरवून ठोसा दाबला तर टेरीची पॉवर वेव्ह जमिनीवरून सरसरत गेली. पंचवीस-सव्वीस वर्षांनी! मला वाटलं, जिंकलं. मग पुढे दोनदा मारून धावायला गेलो तर टेरीने एक ठरावीक झेप घेतली आणि थांबला. या गेममध्ये तसं मोकळं धावणं नाही. टिचकी-उडी मारायला गेलो तर पुरती उंच उडी बसली, कारण इथे छोटी उडीच नाही. आणि ही उडी एकदा घेतली की वाटेत काही बदलता येत नाही. समोरचा ती निवांत बघतो आणि खालून शोर्युकेन, म्हणजे उसळता ठोसा, लावतो. एकदा, दोनदा, दहादा.

लोळणीचा किस्सा तर बघण्यासारखा आहे. किंग ऑफ फायटर्समध्ये हलका ठोसा आणि हलकी लाथ एकत्र दाबली की लोळण. स्ट्रीट फायटर ६ च्या क्लासिक पद्धतीत नेमकी तीच दोन बटणं एकत्र दाबली की पकड. कंट्रोलरवरची बोटंही तीच, चौकोन आणि फुली. म्हणजे समोरून मार येतोय, घाबरून मी निसटायला जातोय, आणि पडद्यावरचा टेरी दोन्ही हात पुढे करून रिकाम्या हवेला मिठी मारतोय. हुकलेल्या पकडीवर मिळणारा मार नेहमीपेक्षा जास्त लागतो, हे त्या गेमचं आणखी एक कौतुक.

इथे मी वाचकांना थांबवून सांगतो: ओळखीचं पात्र घेऊन नव्या गेममध्ये शिरू नका. कंपन्यांना आपली ही दुखरी नस बरोबर माहीत असते. टेकन ७ मध्ये स्ट्रीट फायटरचा अकुमा आणला, फेटल फ्युरीचा गीस हॉवर्ड आणला, दोघांच्या फेकण्या-फिरवण्या जुन्या गेमसारख्याच ठेवल्या. पण पाहुणा जरी जुना असला तरी घरातले नियम टेकनचे. मार तीन उंचीवरच येतो. ओळखीचं तोंड दिसलं की हात खुशाल जुन्या गेममध्ये जातो. पहिला महिना तरी अनोळखी, साधं पात्र घ्या, ज्याच्याविषयी तुमच्या बोटांना काही म्हणायचं नसेल. लाडका टेरी कुठे पळून जात नाही.

त्या दिवसांत माझ्या मनाने एक निष्कर्ष काढून टाकला होता: वय झालं, हात मंदावला. चाळिशीत आलेल्या प्रत्येकाच्या मनात हा निष्कर्ष तयारच असतो, निमित्ताची वाट बघत. माझ्या वयाचे कितीतरी लोक नवा गेम चार दिवस खेळून, हेच म्हणून, बाजूला ठेवतात. मला यातून बाहेर काढलं ते दुकानातल्या एका पोराने. तो त्याच टीव्हीवर खेळला आणि म्हणाला, "काकानू, तुमचो हात नाय, टीव्हीच उशीर करता."

टीव्ही नवा होता, मोठा होता, चित्र झकास होतं. पण चित्र झकास करण्यासाठी आजचा टीव्ही आलेल्या प्रत्येक चित्रावर काहीबाही संस्कार करतो आणि त्यात वेळ जातो. पार्लरमधल्या जुन्या काचेच्या नळीवाल्या टीव्हीत हा प्रकार जवळपास नव्हताच. फायटिंग गेम सेकंदाला ६० फ्रेमने चालतो, म्हणजे एक फ्रेम सुमारे १७ मिलिसेकंदांची. टीव्हीने १०० मिलिसेकंद खाल्ले तर सहा फ्रेम गेल्या. माणसाला डोळ्याने बघून बटण दाबायलाच १२ ते १५ फ्रेम लागतात, त्यावर या सहा. समोरच्याची उडी बघून पाडायची वेळ संपलेली असते. उपाय फुकटचा आहे: टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' असतो, तो चालू करायचा. खात्री करायची तर मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये, २४० फ्रेमवर, बटणावरचं बोट आणि टीव्हीचा पडदा एकाच चौकटीत धरून शूट करा. बोट दाबल्यापासून पात्र हलेपर्यंत मोबाइलच्या किती फ्रेम गेल्या ते मोजा; तिथली एक फ्रेम साधारण चार मिलिसेकंदांची. गेम मोड चालू आणि बंद, दोन्ही मोजा. दुरुस्तीवाला म्हणून सांगतो, अंदाजापेक्षा मोजणं बरं.

यातून मी एक शिस्त लावून घेतली. नव्या गेममध्ये 'काहीतरी चुकतंय' असं वाटलं की संशयित तीन: आपली सवय, त्या गेमची स्वतःची चाल, आणि टीव्ही किंवा नेट. कोण दोषी ते ठरेपर्यंत वयाला आरोपी करायचं नाही. गेमची स्वतःची चालही खरीच असते बरं का. २०१६ मध्ये स्ट्रीट फायटर ५ आला तेव्हा बटण दाबल्यापासून हालचाल होईपर्यंतचा उशीर आधीच्या गेमपेक्षा जास्त होता, त्यावरून जगभर ओरड झाली आणि पुढे तो कमी केला गेला. उलट त्याच गेमने सलग फटके जोडताना बटण किंचित आधी दाबलं तरी चालेल अशी सवलत दिली, जी स्ट्रीट फायटर ४ मध्ये नव्हती. चारमध्ये काही फटके एका फ्रेमच्या मापात जोडावे लागत. त्या काळचे लोक पाचमध्ये आले आणि उगाचच फार नेमके दाबत बसले.

वयाचं म्हणाल तर हांगझोऊची आशियाई स्पर्धा आठवा. ती २०२२ ची, पण कोविडमुळे सप्टेंबर २०२३ मध्ये झाली. तोवर स्ट्रीट फायटर ६ बाजारात येऊन जवळपास चार महिने झाले होते, पण स्पर्धा ठरल्याप्रमाणे पाचवरच झाली. म्हणजे सगळ्यांना नवा गेम हातातून खाली ठेवून जुन्याकडे परत जावं लागलं. आपल्याकडून मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास खेळले. सुवर्णपदक घेतलं कोरियाच्या किम ग्वान-वूने, वय ४४. दुकानातल्या कोणी माझ्यापुढे 'वय' हा शब्द काढला की मी हे नाव सांगतो.

दुसरं नाव लाहोरच्या अर्सलान सिद्दीकचं, जो अर्सलान ॲश म्हणून ओळखला जातो. तोही आमच्यासारखाच किंग ऑफ फायटर्स खेळत वाढलेला. २०१९ मध्ये त्याने जपान आणि अमेरिका, दोन्हीकडची एव्हो ही फायटिंग गेमची मोठी स्पर्धा टेकनमध्ये जिंकली. तेव्हा पार्लरमधली वर्षं वाया जात नाहीत. अंतर राखणं, समोरच्याची सवय वाचणं, चुकलेल्या फटक्यावर तुटून पडणं, हे सगळीकडे चालतं. बोटांच्या खोडी तेवढ्या त्या त्या गेमच्या असतात.

आता एक गोष्ट उलटी वाटेल. किंग ऑफ फायटर्सवरून टेकनकडे जाणं मला सोपं गेलं, कारण मार खाल्ल्याबरोबर कळलं की हे वेगळं आहे. टेकन ७ वरून टेकन ८ कडे जाणं जास्त जड गेलं. तीच पात्रं, तेच ठोसे, तेच नियम. जानेवारी २०२४ मध्ये आला तेव्हा सगळ्यांनी जुन्याच हाताने खेळायला सुरुवात केली. सातमध्ये मी मागे सरकत, अडवत, समोरच्याच्या चुकीची वाट बघत खेळायचो आणि ते चालायचं. आठमध्ये 'हीट' आलं. ते पेटलं की अडवलेला मारही थोडी लाइफ खातो, आणि पुढे जाऊन मारणाऱ्याला गेलेल्या लाइफमधली थोडी परत मिळते. नुसता थांबणारा माणूस हळूहळू झिजतो. हा बदल हाताला जाणवत नाही, राउंडच्या शेवटी नुसती हार दिसते. दोन गेम जितके जवळचे, तितकं काय बदललं ते उशिरा कळतं. स्ट्रीट फायटर ६ मध्येही अडवताना ड्राइव्ह गेज उतरतं आणि रिकामं झालं की तुम्ही अडकलात. तिथल्या कोपऱ्यात बसणाऱ्याला आता भाडं द्यावं लागतं.

काही गेममध्ये तर अडवायचं बटणच वेगळं असतं. मॉर्टल कॉम्बॅट, सोलकॅलिबर, व्हर्च्युआ फायटर, तिघांतही मागे दाबून नाही तर बटण धरून अडवतात. त्यातला सोलकॅलिबर टेकन काढणाऱ्या नामकोचाच. कंपनी एक म्हणून हात एक असं समजू नका.

आकडे बघणाऱ्या पोरांसाठी एक इशारा. हल्ली प्रत्येक फटक्याचा फ्रेमचा हिशेब सहज मिळतो, आणि पोरं एका गेमचे आकडे दुसऱ्यात लावतात. टेकनमध्ये सर्वसाधारण सगळ्यात जलद ठोसा १० फ्रेमचा. म्हणून अडवल्यावर उणे ९ असणारा, म्हणजे मारणारा समोरच्यापेक्षा नऊ फ्रेम उशिरा सावरतो असा, फटका बिनधास्त मारता येतो, त्याची शिक्षा द्यायला कोणाकडे सहसा काही नसतं. स्ट्रीट फायटर ६ मध्ये हलका ठोसा साधारण ४ फ्रेमचा. तिथे जवळून उणे ५ म्हणजे मार खाण्याची चिठ्ठी. टेकनवाला तिथे 'फक्त उणे पाच' म्हणून पुन्हा बटण दाबतो आणि आडवा होतो. आकडा एकटा काही सांगत नाही. समोरच्याचा सगळ्यात जलद ठोसा किती फ्रेमचा, ते आधी विचारा.

मी आता नवा गेम हातात आला की काय करतो ते सांगतो. पहिल्या संध्याकाळी मारतच नाही. नुसता चालतो, मागे सरकतो, उडतो, झेपावतो. उडी किती वेळ टिकते, एका झेपेत किती जागा कापली जाते, लाथ कुठपर्यंत पोचते, एवढंच बघतो. मग एक कागद घेतो आणि त्यावर नव्या गेममध्ये काय 'नाही' ते लिहितो. धावणं नाही. छोटी उडी नाही. लोळण नाही. नवीन काय आहे ते गेम स्वतःच ओरडून सांगत असतो, त्याच्या जाहिरातीच असतात. काय नाही ते कोणी सांगत नाही, आणि हात तर नेमका तिथेच जातो. तो कागद टीव्हीखाली चिकटवतो. त्यानंतर चारच गोष्टी पक्क्या करतो: एक जलद ठोसा, उडून येणाऱ्याला पाडणारा एक फटका, चुकलेल्यावर मारायचा एक कॉम्बो आणि पकड सोडवणं. लांब कॉम्बो नंतर.

सुरुवातीचे पंधरा दिवस जुना गेम बंद ठेवा. दोन्ही रोज आलटून पालटून खेळलात तर दोन्ही बिघडतात, निदान माझे तरी बिघडले. पंधरा दिवसांनी जुन्याकडे परत गेलात की पुन्हा आधी अडवण्याचा सराव करा आणि मग मारा. रँकच्या लढती तोवर नकोच. आकडा घसरला की डोकं तापतं, आणि तापलेलं डोकं सरळ जुन्या सवयीकडे जातं. स्ट्रीट फायटर ६ मध्ये 'मॉडर्न' पद्धत आहे, एका बटणात खास फटके निघतात. जुने पार्लरवाले त्याला नाकं मुरडतात. मला विचाराल तर जरूर वापरा. दांडी फिरवण्याची जुनी घडीच मोडली की गोंधळाचं एक मूळ जातं.

आपल्या भागातल्यांसाठी नेट आणि विजेबद्दल थोडंसं. स्ट्रीट फायटर ६ आणि टेकन ८ दोन्ही 'रोलबॅक' पद्धतीवर चालतात: समोरच्याचं बटण पोचायच्या आत गेम अंदाज बांधून पुढे जातो आणि अंदाज चुकला तर मागे येऊन दुरुस्त करतो. म्हणून नेट खराब असलं की हात जड लागत नाही, पण समोरचा माणूस मध्येच उडी मारल्यासारखा दिसतो. असं दिसलं की तो तुमच्या सवयीचा दोष नाही. वायफाय सोडा, राउटरपासून लॅन केबल टाका, दोनशे-तीनशे रुपयांचं काम आहे. पावसाळ्यात लाइट जाते-येते, घराचा इन्व्हर्टर उचलेपर्यंत राउटर बंद पडून पुन्हा चालू होतो आणि लढत तुटते. राउटरला छोटा वेगळा यूपीएस लावला की हा त्रास मिटतो. आणि मृगापासून श्रावणापर्यंत नव्या गेमबद्दलचं मत ऑनलाइन लढतींवरून बनवू नका. शेजारी बसलेल्या माणसाबरोबर खेळून बनवा.

२०२६ च्या आयची-नागोयाच्या आशियाई स्पर्धेसाठी किंग ऑफ फायटर्स, स्ट्रीट फायटर आणि टेकन एकाच प्रकारात घातले आहेत. तेव्हा एकाच गेमवर हात बसवून राहण्याचे दिवस तसेही सरत चाललेत.

शेवटी पैशांचं. पूर्ण गेमला काही हजार रुपये पडतात आणि घरच्यांना तोंड द्यावं लागतं ते वेगळं. स्ट्रीट फायटर ६ आणि टेकन ८, दोन्ही गेमचे डेमो निघालेले आहेत, फुकट आहेत. स्ट्रीट फायटर ६ च्या डेमोत र्‍यू आणि ल्यूक, टेकन ८ च्या डेमोत जिन, काझुया, पॉल आणि नीना. आधी ते उतरवून घ्या, टीव्हीचा गेम मोड चालू करा, दोन संध्याकाळी नुसतं चाला आणि अडवा, आणि मगच विकत घ्यायचं की नाही ते ठरवा.